आत्याच्या बादलीतल्या तिसऱ्या

मंजूला सातवा महिना लागला आणि डोहाळे लागले ते थेट उरणच्या आत्याकडच्या तिसऱ्यांचे. पनवेलच्या बाजारातल्या शिंपल्या बाईसाहेबांना चालणार नव्हत्या. धाकट्या बहिणीचा हुकूम, म्हणून रविवारी मी गाडी काढली.

तुम्हीही उरणला जाणार असाल तर उजाडताच निघा. नंतर रस्ता कंटेनरवाल्यांचा असतो आणि आपण नुसता त्यांचा धूर खातो. वाटेतल्या टपऱ्यांवर चहा घ्या, वड्यांच्या वाटेला जाऊ नका. ते तेल कधी बदललं, हे टपरीवाल्यालाही आठवत नसेल.

आत्याच्या घराजवळ, खाडीच्या किनाऱ्यावर स्वच्छता मोहीम रंगात आली होती. एकसारखे टी-शर्ट, हातमोजे, प्रत्येक बाटलीमागे एक फोटो. शेवटी आभारप्रदर्शन झालं आणि सगळ्यांना पाणी वाटलं, अर्थातच प्लास्टिकच्या बाटल्यांतून! थर्माकोलचा चुरा, जाळ्यांचे धागे, कणीएवढे प्लास्टिकचे तुकडे होते तिथेच राहिले.

"हे बारीक राहिलं की," मी म्हणाले.

"मॅडम, ते फोटोत दिसत नाही," संयोजक म्हणाला. निदान खरं तरी बोलला.

मी अकरावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मला राहवत नाही. झिजलेल्या प्लास्टिकला पाण्यातलं शिसं, कॅडमियम चिकटतं, काळ्या साडीला कापूस चिकटतो तसं. खाडीत कारखान्यांचं पाणी येतं, बोटींचा रंग येतो. तिसरी पाणी गाळूनच जगते. ती हे कण गिळते, आणि पोटात गेल्यावर त्यांच्यावरचा धातू सुटू शकतो. तिसरी वाळू ओकते, पण हे सगळं ओकेल याचा भरवसा नाही.

आत्याने पहाटेच्या ओहोटीला तिसऱ्या काढून वाळू ओकायला ठेवल्या होत्या. कशात? रंगाच्या जुन्या बादलीत, खाडीच्याच पाण्यात. बादलीच्या आत रंगाचे पापुद्रे सुटले होते, आणि जुन्या रंगातही शिसं असू शकतं. इथे घरोघरी हीच पद्धत आहे.

"पोटुशीच्या दातांत रेती नको यायला, म्हून दोनदा पानी बदाललं," आत्या कौतुकाने म्हणाली.

"तू जेवलीस का गं?"

"व्हय. कालच्या तिसऱ्या उरल्या व्हत्या ना."

तिने दोन डबे भरून दिले. वर्गात घसा कोरडा करणारी मी, "छान आहेत हं," म्हणून पाया पडले आणि निघाले. खाडीच्या पुलावर गाडी थांबवून दोन्ही डबे पाण्यात रिकामे केले. आपण किती शहाण्या, असं मनाशी म्हणत घरी आले.

"मिळाल्या नाहीत," मी मंजूला सांगितलं.

"आत्याचा फोन येऊन गेला. दोन डबे दिलेत म्हणाली."

मग सगळं सांगावं लागलं. बादली, शिसं, ते आईच्या रक्तातून बाळापर्यंत कसं पोचतं. पोटावर हात ठेवून मंजूने ते ऐकून घेतलं.

"आत्याला काय सांगितलंस?"

"काही नाही. वाईट वाटलं असतं तिला."

"म्हणजे आज रात्रीही ती तेच खाणार," मंजू म्हणाली आणि आत्याचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.