शिपायांची चूल

आत्याला बुरुजात सोन्याचा हंडा सापडलाय, ही बातमी गल्लीत कुणी सोडली ते मला माहीत नाही. बरं, माहीत आहे. मीच. पण माझं म्हणणं एवढंच होतं की गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेली सत्तरीची बाई रोज सकाळी सातला डबा घेऊन टेकडी चढते, ती काही हवा खायला नव्हे. हंड्यात सोनं लोकांनी आपापल्या सोयीने भरलं.

खरं असं की आत्या तिथे खापऱ्या धुवायची. टेकडीवरच्या पडक्या बुरुजाचं उत्खनन चाललं होतं. मातीतून निघालेले मडक्यांचे तुकडे घमेल्यातून तिच्यापुढे यायचे. ती ते दात घासायच्या ब्रशने साफ करून जाळीच्या ट्रेमध्ये वाळत घालायची. साऱ्या गल्लीची आत्या, जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली बाई, बारीक कामाला हात सरावलेले.

जी गोष्ट अख्ख्या गल्लीला ठाऊक होती, ती खोदणाऱ्यांना नव्हती. आत्या त्या बुरुजातच जन्मली. लढाया संपून शेकडो वर्षं झाल्यावर तिच्या कुणा पूर्वजाने बुरुजाला पाठ टेकवून शेतघर बांधलं, बुरुजाचेच दगड काढून गोठा उभा केला आणि बुरुजाच्या पोटात स्वयंपाकघर थाटलं. ती एकोणीस वर्षांची असताना वरचा कोपरा गोठ्यावर कोसळला, दोन गाई गेल्या आणि घरदार आमच्या गल्लीत दोन खोल्यांत आलं. निघताना तिच्या आईने चुलीतली राख उपसली, कोळसे वेचले आणि चूल ओल्या फडक्याने पुसून ठेवली.

"अगं, घर डोक्यावर पडतंय आणि तू पुसतेस काय?" वडील ओरडले.

"मागून कुणी आलं तर काय म्हणेल?"

मागून आल्या त्या उत्खननाच्या प्रमुख, टोपीवाल्या मॅडम, पन्नास वर्षांनी. त्यांचा नियम साधा. शेतघराचा थर मोजायचा, फोटो घ्यायचे आणि खणून काढायचा. बुरुजाच्या काळातलं तेवढं ठेवायचं. गोठा गेला. उंबरा गेला. आत्या खापऱ्या धूत राहिली. चूल मात्र वाचली, कारण तिचे दगड बुरुजाचेच, जुन्या छिन्नीच्या खुणांचे, आणि आत राखेचा कणसुद्धा नाही, की ज्यावरून काळ ठरवावा. मॅडमनी वहीत लिहिलं, पहाऱ्यावरच्या शिपायांची चूल. आत्याने ते ऐकलं आणि तीन आठवडे तोंडातून ब्र काढला नाही.

मला तिने जिन्याच्या पायरीवर सांगितलं, गरम पाण्यात पाय सोडून बसली होती तेव्हा.

"बोललीस तर काय होईल?" मी विचारलं.

"उद्या फावडं."

"मग गप्प बस की. शिपाई काय भांडायला येणार आहेत?"

एरवी असल्या बोलण्यावर तिने मला चप्पल दाखवली असती. त्या दिवशी तीच चप्पल पायात सरकवून घरात गेली.

पाट्या रंगवणं हा माझा धंदा, त्यामुळे चुलीची पाटी माझ्याकडेच आली. पांढऱ्यावर काळी अक्षरं, 'शिपायांची चूल'. मीच ती वर घेऊन गेलो, जरा ऐटीतच. आत्याने ब्रश खाली ठेवला. पाटी एकदा वाचली. पुन्हा वाचली. मग ओले हात पदराला पुसत मॅडमपुढे जाऊन उभी राहिली.

"मॅडम, ही चूल माझ्या आईची आहे."

"काय?"

"डावा दगड बघा, कड उडालीय. आई डावखुरी. उलथनं झटकायची ते तिथेच."

मॅडमनी वाकून कडेवरून बोट फिरवलं. टोपी काढली. "आत्या, आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ठेवली असतीत?"

मॅडम खोटं बोलल्या नाहीत. "नाही. खाली बुरुजाची मूळ जमीन आहे. चूल काढावी लागेल."

"मग डावा दगड मी काढते."

दुसऱ्या दिवशी चुलीचं चित्र काढलं, मोजमाप झालं, फोटो झाले. मॅडमनी वहीतली जुनी ओळ खोडून आत्या सांगेल ते लिहून घेतलं. मग आत्या गुडघ्यांवर बसली. दगड उचलायचाच होता, तरी तिने आधी चूल झाडली आणि ओल्या फडक्याने पुसली. कुणी घाई केली नाही. मीही काही बोललो नाही, हे आमच्या गल्लीत कुणाला पटणार नाही. तिने दगड दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. खाली नुसती तपकिरी माती होती.

उतरताना पाटी माझ्या काखेत आणि तिचा हात माझ्या खांद्यावर. शेवटी मला राहवेना. "आत्या, खरं बोलून मिळवलंस काय? गप्प राहिली असतीस तर चूल जागेवर असती, आणि माझी पाटीही फुकट गेली नसती."

"चोंबड्या, राबली माझी आई आणि नाव शिपायांचं? मोडली तर मोडली. आईची म्हणून मोडली."