उभं राहणाऱ्यासाठी एक वाक्य

रोझेर गोतिए पस्तीस वर्षं माँट्रियालच्या रंगभूमीवर होता, पण नायक कधीच झाला नाही. तो पाद्री व्हायचा, गाडीवान व्हायचा, तिसऱ्या अंकात वाईट बातमी घेऊन येणारा पोलीस व्हायचा. वाट्याला चार वाक्यं यायची, पण ती अशी टाकायचा की शेवटच्या रांगेतलं खोकणं थांबावं. मग त्याचं नाट्यगृह बंद पडलं, तिथे व्यायामशाळा झाली, आणि साठीला टेकलेल्या रोझेरला एका व्हिडिओ गेमच्या कंपनीचं बोलावणं आलं.

अंगाला घट्ट काळा पोशाख, त्यावर पांढरे ठिपके; त्या ठिपक्यांवरून कॅमेरे त्याची हालचाल टिपणार आणि गेममधल्या पात्राला देणार. ना पडदा, ना नेपथ्य. रिकाम्या खोलीत फरशीवर पट्ट्या चिकटवून आखलेली खिंड. त्या खिंडीत बसलेला म्हातारा राखणदार, ही त्याची भूमिका. खेळणारा चौदा तास लढत, पडत, झडत तिथवर पोचणार आणि राखणदार त्याला बर्फापलीकडची वाट दाखवणार. गेम तीन वर्षांत दुकानात येईल, असं त्याला सांगितलं होतं.

त्याने होकार दिला तो धाकट्या भावासाठी. इव्हॉनला आईच्या घराण्यातून आलेला आजार होता. एकेक स्नायू झिजत जातो आणि परत येत नाही. पाय चाळिशीतच गेले. दोघं भाऊ शहरातल्या रोझमाँ वस्तीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे आणि घराबाहेरचा तो वळणाचा लोखंडी जिना इव्हॉनला जन्मठेपेसारखा होता. तो धावायचा ते गेममध्येच. इस्पितळाच्या, रुग्णांची साधनं बनवणाऱ्या कारखान्यातल्या एका भल्या माणसाने त्याच्या कन्सोलसाठी, म्हणजे गेमच्या यंत्रासाठी, खास कंट्रोलर बनवून दिला होता: मोठमोठी बटणं, दोन अंगठे आणि एका कोपराने चालणारी. त्यावर इव्हॉन डोंगर चढायचा, घोडे पिटाळायचा, आणि रोझेर सूप ढवळत म्हणायचा, "या घरात धडधाकट तू एकटाच."

आपल्या अंगठ्यांनी खेळत त्या खिंडीपर्यंत जायचं आणि दादाला तिथे गाठायचं, एवढीच इव्हॉनची इच्छा होती. रोझेरने करारावर सही केली होती. गेम येईपर्यंत एक शब्दही बाहेर काढायचा नव्हता. इव्हॉन खोदून खोदून विचारायचा. रोझेर सांगायचा, ये आणि ऐक. नट आधी वाक्य फोडत नाही.

या धंद्यात एक रीत आहे. खेळणारा काही न करता नुसता उभा राहिला, तर पात्राने गप्प बसायचं नसतं. त्यासाठी वेगळी वाक्यं ध्वनिमुद्रित करतात, तीही दिवसाच्या शेवटी, घसा बसत आल्यावर. रोझेरने पाच वाक्यं म्हटली. 'उभा का राहिलास? गारठशील.' अशी. आवाजाची दिग्दर्शिका कोरिन काचेपलीकडून म्हणाली, "काका, एक जागा रिकामी आहे. मनाला येईल ते बोला, आणि मला घरी जाऊ द्या."

तेव्हा रोझेरने सहावं वाक्य म्हटलं. घरी येऊन त्याने इव्हॉनला एवढंच सांगितलं, "खिंडीत पोचलास की कशालाही हात लावू नकोस. नुसता उभा राहा."

"मी? नुसता उभा? मग एवढे अंगठे कशाला शिणवायचे?"

तीन वर्षं झाली. गेम आला नाही. चौथ्या वर्षी जाहिरात आली, तारीख आली, तारीख गेली. पाचव्या वर्षी एका कन्सोल बनवणाऱ्या कंपनीने तो गेम फक्त स्वतःसाठी बांधून घेतला: येईल तो तिच्याच नव्या यंत्रावर, दुसरीकडे कुठेच नाही. नवं यंत्र म्हणजे डोंगर, बर्फ, राखणदाराची दाढी, सगळं पुन्हा पहिल्यापासून. इव्हॉनकडे होतं ते दुसऱ्या कंपनीचं, आणि त्याचा कंट्रोलर त्या यंत्राशिवाय चालत नव्हता. कारखान्यातला भला माणूस म्हणाला की दुसरा बनवतो, पण ते यंत्र आधी बाजारात तर येऊ द्या.

सहाव्या वर्षी इव्हॉनचा डावा अंगठा गेला. रोझेरला पुन्हा ठिपक्यांचा पोशाख घालून तीच खिंड पुन्हा चढावी लागली. गुडघे वाजत होते. कोरिनच्या खुर्चीत तिसरंच कोणी बसलं होतं, त्याला रोझेरचं नावही कागदात बघावं लागलं. त्याने राखणदाराची मुख्य वाक्यं पुन्हा घेतली. बाकीची जुनीच चालतील म्हणाला. आठव्या वर्षी उजवा अंगठा गेला. त्या दिवशी इव्हॉन जेवला नाही. रात्री रोझेरने दिवा मालवला तेव्हा इव्हॉन म्हणाला, "तुझ्या खिंडीला मी काही पोचत नाही, दादा."

नवव्या वर्षी, नोव्हेंबरात, गेम आला.

रोझेरने नवं यंत्र आणलं आणि खुर्ची इव्हॉनच्या शेजारी ओढली. सत्तरीला आलेल्या त्या माणसाने जन्मात गेम खेळला नव्हता. पहिल्याच पुलावरून तो अकरा वेळा नदीत पडला. इव्हॉन उशीवरून हुकूम सोडत होता: डावीकडे, अरे तुझ्या डावीकडे. "पस्तीस वर्षं रंगमंचावर काढलीस आणि विंग कुठे ते अजून कळत नाही तुला." रोज दुपारी दोन तास. चौदा तासांच्या वाटेला त्यांना सात आठवडे लागले.

जानेवारीच्या एका दुपारी पडद्यावर बर्फ सुरू झाला. दगडाआडून राखणदार उठला. रोझेरचाच चेहरा, काही वर्षांपूर्वीचा, अजून ताठ मानेचा. रोझेरने हातातला कंट्रोलर इव्हॉनच्या पांघरुणावर ठेवला, त्याचे निर्जीव हात त्यावर ठेवले आणि म्हणाला, "आता तू."

इव्हॉन उभा राहिला. त्याला तेवढंच जमण्यासारखं होतं, आणि लागत होतं तेही तेवढंच.

राखणदार बोलला, उभा का राहिलास. मग दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. मग पुन्हा पहिलं. इव्हॉन पापणी न हलवता ऐकत होता. अर्धा तास गेला. पाचच वाक्यं गोल फिरत राहिली.

रोझेर स्वयंपाकघरात गेला आणि त्याने कोरिनला फोन लावला. तिला कंपनीने केव्हाच काढून टाकलं होतं. ती म्हणाली की नव्या यंत्रावर जाताना जुन्या याद्या साफ केल्या होत्या; ज्या वाक्यापुढे कारण लिहिलेलं नव्हतं, ते गेलं असणार. "मी कारण लिहिलं नव्हतं, काका. काय लिहिणार होते?"

तो परत आला. इव्हॉन अजून उभाच होता. रोझेर खुर्चीमागे थांबला, घसा साफ केला, आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा त्या जुन्या आवाजात, पण अगदी हळू, म्हणाला, "चल, चढ पाठीवर. कोपऱ्यापर्यंतच नेतो."

लहानपणी शाळेच्या वाटेवर बर्फात इव्हॉनचे पाय अर्ध्यातच दमायचे. रोझेर त्याला पाठुंगळी घ्यायचा आणि चर्चच्या कोपऱ्यावर उतरवायचा, बाकीच्या पोरांना दिसू नये म्हणून.

इव्हॉनने पडद्यावरून नजर काढली नाही. "आवाज मागून आला," तो म्हणाला. "काम कच्चं आहे."

"नऊच तर वर्षं मिळाली."

थोड्या वेळाने इव्हॉनने विचारलं, "जड व्हायचो का रे मी?"

"व्हायचास."

"मला वाटलंच."

त्यानंतर त्यांनी गेम पुढे नेला नाही. इव्हॉन रोज दुपारी खिंडच लावायला सांगायचा आणि बघत पडायचा. फेब्रुवारीत कफ छातीत उतरला, आणि चौथ्या दिवशी, दुपारीच, तो गेला.

न्यायला दोन माणसं आली. जिन्यावर बर्फ घट्ट झाला होता. वळणावर स्ट्रेचर अडलं, तेव्हा रोझेर हात लावायला पुढे झाला. त्यांनी सभ्यपणे त्याला बाजूला व्हायला सांगितलं. आजोबा, तुम्ही घसराल, म्हणाले. तो बाजूला झाला. अंगात कोट नव्हता. खाली गाडीचं दार लागलं, गाडी कोपऱ्यावरून वळली, तरी तो तिथेच होता. मागे दार सताड उघडं, आणि आतून त्याचाच आवाज येत होता: उभा का राहिलास? गारठशील.