तुडवायच्या गालिच्याची राखण

आमच्या घराण्याने आजवर एकच मिरवणूक अडवली, आणि तिचं आम्हाला रीतसर आमंत्रण होतं.

शेजारीण लुसिया ग्वाटेमालाची. इथल्या बुओना व्हिस्टा भागात संशोधन करते. गुड फ्रायडेला तिने आमच्या कॉन्डोच्या बागेतल्या अरुंद वाटेवर रंगवलेल्या लाकडी भुशाचा गालिचा घातला. पुण्याहून आलेल्या माझ्या आईने ती 'रांगोळी' पाहिली आणि पदर खोचून गालिच्याच्या तोंडाशीच कमळं काढायला बसली. (भुसा चिमटीतून नीट सुटत नाही, हे तिने सगळ्या कॉन्डोला ऐकवलं!)

"मूर्ती घेऊन येते," लुसिया म्हणाली. "तिकडे ममा व्हिडिओ कॉलसाठी जागी बसलीय. घर सोडल्यापासून ही माझी पहिलीच मिरवणूक! तोवर गालिचा सांभाळा."

सांभाळा! वडिलांच्या मोर्च्यांच्या पत्रकांवर अक्षरं गिरवलेल्या मुलीला असलं काही सांगायचं नसतं. मी पुठ्ठ्याचा फलक केला: 'इथे पाय देणारा कलेचा शत्रू!' सिक्युरिटी अंकलनाही झुडपांतून पाठवलं.

"धिस इज गार्डन लाह, नॉट म्युझियम!" ते पानं झटकत म्हणाले.

तेवढ्यात ढोल वाजला. लुसिया आणि तिचे मित्र खांद्यावर मूर्तीचा पालखीसारखा जड चौथरा घेऊन सरळ गालिच्याकडेच!

"अगं, हे थांबत कसे नाहीत?" आई किंचाळली.

"थांबवते ना!" मी फलक उंचावून आडवी उभी राहिले. "लुसिया, बाजूने जा!"

"बाजूला झुडपं आहेत! सरक!"

"कला तुडवणार? माझ्यादेखत?"

"तुडवायलाच केलाय तो! मिरवणूक वरून गेली की गालिचा पूर्ण होतो. सरक, खांदा मोडतोय माझा!"

मी आईला मराठीत समजावलं.

"म्हणजे माझी कमळं?"

"सगळ्यात आधी!"

चौथरा थांबेना, झुडपं हटेनात. उरली मागची दिशा. मी एक पाऊल मागे टाकलं, ते थेट कमळात! मग दुसरं. चौथरा पुढे पुढे, मी मागे मागे, आणि घाबरून हातातला फलक तसाच वर!

एका मित्राने धरलेल्या फोनवरून लुसियाची ममा टाळ्या वाजवत विचारत होती म्हणे, "ही पुढे कोण? तिकडची प्रथा आहे का?"

"फलक तरी खाली घे गं!" आई ओरडली.

लहानपणापासून मी मोर्च्याचं नेतृत्व करायची स्वप्नं पाहिली. मिळालं ते एकदाच. तेही उलट्या पावलांनी, माझ्याच घोषणेविरुद्ध!