भरल्या टपाची गाडी

भावनाची मोटरसायकल दारात दिसली आणि बेटेगावच्या पुंडलिक मिस्त्रीचं डोकं तापलं. दोनदा त्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला. गॅरेजात गाडी शहाण्या मुलासारखी चालायची, आणि तारापूरकडची ही मासळीवाली पुन्हा हजर!

"काल ट्रकसमोर बंद पडली. मरता मरता वाचले," ती म्हणाली.

"गाडी चांगली हाय. तुला चालवता येत नाय!"

"मग तुमी चालवा. माज्यासारखी, टप भरून."

पुंडलिक इरेला पेटला. तिच्या घरी जाऊन त्यानं बर्फात दाबलेल्या बोंबलांचा टप मागच्या सीटवर बांधला आणि बोईसरचा रस्ता धरला. नाक्यापर्यंत इंजिनानं हूं की चूं केलं नाही. नाक्यावर त्यानं करकचून ब्रेक मारला, तशी गाडी आचके द्यायला लागली आणि भर रस्त्यात बंद पडली. मागून टँकरचा हॉर्न अंगावर आला. पुंडलिकनं पाय रेटत गाडी कशीबशी कडेला घेतली. टँकर कोपराला घासल्यासारखा निघून गेला.

टप उतरवून त्यानं सीट काढली आणि टाकीखाली बघितलं. प्लगला जाणारी वायर चिरली होती आणि ब्रेकच्या हिसक्यानं टपातलं खारं पाणी पुढं येऊन तिच्यावर सांडलं होतं. वायर सुकली की गाडी पुन्हा ठणठणीत.

मागून भावना रिक्षानं आली. पुंडलिक तिच्यावरच खेकसला, "हा टप घेऊन गॅरेजला का नाय आलीस?"

"आणलेला ना पयल्याच दिवशी! वास मारतो, घरी ठेवून ये, असं तुमीच ओरडलात."