जनावरांच्या कप्प्यात

माझी बायको गेली आणि तिचा आवाज एकानं जनावरांच्या कप्प्यात टाकलेला निघाला. टाकणारा शिकलेला माणूस, पेन्शनीत निघालेला मास्तर. जाब विचारायला गेलो तर मलाच समजावून सांगायला लागला. मी चौथीतनं शाळा सोडलीय, पण कुणाला कुठं बसवायचं एवढं मला कळतं.

आमचं घर कोल्हापुरात, पेठेत, मागं गोठा. चार म्हशी होत्या, आता एकच राहिलीय. धार कायम बायकोनंच काढली. वैरण, शेण आणि गिऱ्हाईक माझ्याकडं. सकाळ-संध्याकाळ माणसं पेला घेऊन गोठ्याच्या दारात उभी राहायची आणि ही खाली बसून म्हशीला गुणगुणत चुचकारायची. गाणं म्हणावं असं काही नसायचं. अर्धी ओवी, अर्धी म्हशीची खुशामत, मधेच शेजारणीची उणीदुणी. पण तो आवाज कानावर पडल्याशिवाय म्हैस पान्हा सोडायची नाही.

मास्तर आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं कॉम्प्युटरवर एक जाळं चालू केलं होतं. ह्याला मधे दुकान नाही, असं तो सांगायचा. ज्याच्या त्याच्या घरच्या मशीनमध्ये ज्याची त्याची पेटी. तुम्हाला भजन पाहिजे असलं तर ज्याच्याकडं असेल त्याच्या पेटीतनं सरळ तुमच्या पेटीत येतं. मात्र त्याचं मशीन चालू पाहिजे, नसलं तर बसा बोंबलत. गल्लीत सुरू झालेलं हे लोण गडमुडशिंगी, वारणानगर, पार नेसरीपर्यंत पोचलं. लग्नाचे व्हिडिओ, कीर्तनं, कुस्त्या, उसाच्या रोगाची माहिती, काय वाटेल ते लोक टाकायचे आणि मास्तर त्याचे कप्पे करायचा. भजन इकडं, शेती तिकडं. एक वस्तू एकाच कप्प्यात, हा त्याचा कायदा. जन्मभर हजेरी घेतली, दुसरं काय सुचणार?

एका सकाळी त्यानं हिचं गुणगुणणं फोनमध्ये भरून घेतलं. सात-आठ मिनिटांचं असेल. जाळ्यात टाकलं आणि माझ्या फोनवरही दिलं. ही थेरं कशाला, म्हणून मी ओरडलो. ती पदर तोंडाला लावून हसली.

थंडीत ती गेली. आठ दिवसांत सगळा कारभार आटोपला. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

म्हशीनं दूध चोरलं. मी बसलो तर लाथ मारली, सून बसली तर बादली उडवली. सुई टोचा, लगेच पान्हा सोडती, असं दोघा-तिघांनी सांगितलं. सांगणाऱ्यालाच टोचीन म्हटलं. मग सुनेला फोनमधलं आठवलं. फोन खुंटीला अडकवला, आवाज मोठा केला. दोन मिनिटांत सडं भरली. मी तिथंच बंद करायचो, पुढचं ऐकायचो नाही. माझ्यानं ऐकवायचं नाही. दोन महिने असे निघाले, आणि एक दिवस वाकताना खिशातनं फोन पाण्याच्या हौदात पडला. दुकानदारानं उघडून बघितला, नवा घ्या म्हणाला. आतलं काही निघणार नाही म्हणाला.

सुनेनं घरचा कॉम्प्युटर उघडला. ओव्यांत बघितलं, नाही. भजनात नाही, घरगुतीत नाही. मास्तरनं ‘दिवंगत’ म्हणून एक कप्पा केलाय, त्यात हिचा फोटो सापडला, शेजारी जळती खोटी समई. आवाज नाही. नाव घालून हुडकावं तर नाव काय घातलंय ते कुणाला माहीत? शेवटी मास्तरच्या घरी गेलो. त्यानं चष्मा लावला, जनावरं उघडलं, त्यात म्हैस, त्यात धार काढणे, आणि बोट ठेवलं. वरती एका म्हशीचा जंताचा उपाय, खाली रेडकाचा हगवणीचा. मधे माझी बायको.

माझं डोकं फिरलं. आवाज कुणाचा हाय, असं विचारलं.

“वहिनींचा. पण विषय म्हशीचा हाय न्हवं?” मास्तर म्हणाला. “विषय बघून ठेवायचं असतंय, माणूस बघून न्हाय. माणूस बघून ठेवाय लागलो तर घरटी एक कप्पा करावा लागंल की.”

“तुझी आई अंगाई म्हणती ती कुठं ठेवशील? पाळण्यात, का सुतारकामात?”

मी म्हटलं, बरं, आता उतरवून दे. तर म्हणतो, माझ्याकडं नाही. पेटी भरली म्हणून काढून टाकलं. यादीत नाव आहे, शेजारी किती जणांकडं चालू आहे त्याचा आकडा आहे, आणि तो आकडा शून्य. म्हणजे फळी लावली, पाटी लावली, आणि माल गटारात. एवढ्या वर्षांत मी कुणाच्या अंगावर हात टाकला नाही. त्या दिवशी हात मागं धरून बाहेर पडलो.

सुनेनं आमच्या मशीनवरनं मागणी लावून ठेवली. कुणीतरी घेतलं असेल आणि त्याचं मशीन चालू झालं तर आपोआप यायला लागेल, म्हणाली. मी रोज त्या पडद्यासमोर बसायचो. गोठ्यात म्हैस ठणकलेल्या सडांनी हंबरायची. जनावरांचे डॉक्टर येऊन बजावून गेले, असंच चाललं तर आटेल, नाहीतर सडं खराब होतील. विका, असं पोरानं पुण्यातनं कळवलं. पाचव्या दिवशी दुपारी, किती आलं ते दाखवणारी पडद्यावरची हिरवी पट्टी हालली. थोडी पुढं सरकली आणि थांबली. ज्याचं होतं त्यानं मशीन बंद केलं.

कुणाचं ते कळायला मास्तरलाच विचारावं लागलं. सुनेला पाठवलं, मी गेलो नाही. गडमुडशिंगीच्या एका बाईचं निघालं. तिच्या तीन म्हशी. दुसऱ्या दिवशी एसटीनं गेलो आणि विचारत विचारत तिच्या दारात उभा राहिलो.

“या पावणं, बसा. कुठनं आलासा?” म्हणाली. माझ्याच वयाची असेल, हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. मी रेकॉर्डिंगचं काढलं, मी कोण ते सांगितलं नाही. ती लगेच खुलली. तिच्या पहिलारू, पहिल्यांदाच व्यालेल्या म्हशीला कुणी हात लावलेला खपत नव्हता, म्हणून तिच्या मुलीनं जाळ्यात हुडकलं, तर ही बाई सापडली. तेव्हापासून रोज लावते. मी विचारलं, गाण्यांत बघितलं नाही का?

“गाण्यात कशाला बघू? मला म्हशीची नड हुती.”

मग तिनं लावून दाखवलं. दोन मिनिटं झाली, मी बंद करा म्हणणार होतो, पण दुसऱ्याच्या घरात काय म्हणू? पुढं चालू राहिलं. ही गुणगुणतेय, दुधाची धार बादलीत वाजतेय, आणि मधेच एक बाप्या खेकसला. आवर की, गिऱ्हाईक खोळंबलंय, तुझं रडगाणं घाल चुलीत. तिचा आवाज थांबला. नुसती धार वाजत राहिली. मग बऱ्याच वेळानं ती हळू बोलायला लागली, म्हशीशीच.

“ह्यो मेला वरडतो न्हवं, तिथं आमची म्हैस रोज बिचकती,” बाई म्हणाली. “मग ती बिचारी पुन्यांदा चुचकारती. कोण असंल वो?”

“त्यो मीच.”

तिनं आत जाऊन हात धुतले, चहा टाकला. मला तिथंच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं. आवाजातली बाई कुठं आहे, असं तिनं विचारलं. गेली म्हणून सांगितलं. मग तिनं मशीन चालूच ठेवलं, आणि तिच्या फोनवरनं मी सुनेला विचारत राहिलो, आलं का, किती आलं. संपूर्ण आलं तेव्हा उठलो. त्या संध्याकाळी आमच्या म्हशीनं बादली भरली. मी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं, माझ्या ओरडण्यासकट.

दोन दिवसांनी मास्तर दुधाला आला. पेला पुढं धरला, मी घेतला नाही. तो म्हणाला, चूक झाली, दुरुस्त करतो. तुमचं ओरडणं मशीननं कापून काढता येतं, तेवढं काढतो आणि वहिनींना ‘दिवंगत’मध्ये नेऊन ठेवतो.

“कात्री लावलीस तर तंगडं मोडीन,” मी म्हटलं. “वरडलो ते वरडलो. लोकांना ऐकू दे. आणि त्या समईपाशी तिला न्यायचं न्हाय. तितं हार घालाय लोक येत्यात. हितं तिला कामाला बोलवत्यात.”

“म्हंजे जनावरांतच ठेवू? त्या दिवशी तर त्याच्यावरनंच...”

“त्या दिवसाचं येगळं. तू म्हशीसाठी ठेवलास आणि बाईला विसरलास, त्याचा राग हाय. त्यो जायचा न्हाय.”

मग त्याला पुढं घालून त्याच्या घरी नेलं. माल परत पेटीत घे म्हटलं. जागा नाही म्हणाला. तुझ्या भाच्याच्या वरातीचे तीन तास काढ बाहेर, म्हटलं. बायको बघते म्हणाला. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो. त्यानं वरात काढली. हिरवी पट्टी भरेपर्यंत त्याच्या बायकोनं दोनदा चहा विचारला, मी दोनदा नाही म्हटलं. यादीतला आकडा मला वाचता येतो. तीन झाला, एक गडमुडशिंगीचा, एक आमचा, एक त्याचा. मशीन बंद करायचं नाही एवढं बजावलं आणि वैरणीची वेळ झाली म्हणून घरी आलो. दूध त्याला सून देते. मी अजून बोलत नाही.