लक्ष्मीपूजनाला घासलेलं रोमन नाणं

लक्ष्मीपूजनाला नाणी धुऊन-पुसून पाटावर मांडायची ही आमच्या माहेरची रीत. त्यात वावगं काहीच नाही. पण त्या वर्षी आई आमच्याकडे अमेरिकेत, ॲन आर्बरला, कायमची राहायला आली होती, आणि माझ्या नवऱ्याच्या टेबलावर त्याचं लाडकं रोमन ब्राँझचं नाणं होतं.

एका बाजूला जाड मानेचा कुणी सम्राट, दुसऱ्या बाजूला फळांनी भरलेलं शिंग हातात धरून उभी देवी, आणि सगळ्यावर हिरवा थर. नवऱ्याचा जीव त्या थरात. शेकडो वर्षं मातीत राहून चढलेला रंग आहे, पुन्हा होणे नाही, असं तो आल्यागेल्याला ऐकवायचा. सासूला तेवढं ऐकवलं नव्हतं. तिच्याशी त्याचं बोलणं म्हणजे 'चहा घेता का आई', इतपतच.

आईला दिसली ती कळकटलेली देवी. चिंच-मीठ लावून तिने ते नाणं लख्ख घासलं. संध्याकाळी पाटावर तेच चमकत होतं.

"बघा जावईबापू, किती सुंदर लक्ष्मी आहे तुमची."

त्याने नुसते हात जोडले, जेवला, उठला. मला वाटून गेलं, नवं असताना ते असंच चमकत असणार. तेव्हा रोममधल्याही एखाद्या बाईने सणासुदीला घासलं असेल. पण हे त्याला सांगणार कोण?

आठवडाभर घरात त्याचं नुसतं 'हो', 'नको', 'ठीक'. शेवटी मी आईला खरं काय ते सांगून टाकलं. ती म्हणाली, "माझं तिकीट काढ. जावयाचं नुकसान करून त्याच्याच घरात कशी राहू?" पुण्याचं घर विकून झालं होतं. तिकडे आता तिचं कोण होतं? मी धसकाच घेतला.

नवऱ्याला हे सांगितलं, तसा तो तडक तिच्या खोलीत गेला.

"आई, विचारायचं तरी मला. अख्ख्या घरात घासायला तेवढं एकच सापडलं? पार वाट लावलीत त्याची. आणि वर आता निघालात कुठे?"

आवाज चांगलाच चढला होता. मी मागोमाग दारापर्यंत गेले.

आईने डोळ्यांना पदर लावला, पण चेहरा मोकळा झाला होता.

"पाहुणीला कुणी असं बोलत नाही," ती म्हणाली. "आता राहते मी."