चार उपास आणि एक ओसरी

सुपारी सोलायला चार बायका बसल्या की तोंड गप बसत न्हाई. एक गोष्ट सांगितली की तिच्या शेपटाला धरून दुसरी येते. माझ्याकडं त्यातल्या लाजेच्याच जास्त. "आजी, ते फुटबॉलला गेलेलं सांगा की!" म्हणून नातसुना मागं लागतात. सांगते. पण हसलात तर माझ्यावर हसा, दुसऱ्या कुणावर न्हाई.

*

माझा नातू विलास गोव्यात नोकरीला. त्याचा दोस्त आंतोन, पक्का गोंयकार. दोघंही फुटबॉलपायी खुळे. तिकडं अरबांच्या मुलखात मोठी स्पर्धा लागली. दोघांनी तिकिटं काढली, विलासच्या बायकोचंही काढलं. पण तिला दिवस गेले आणि डॉक्टर विमानाला नको म्हणाले. माझा पासपोर्ट लेकीकडं दुबईला जायचं म्हणून काढून ठेवलेला, तसाच ट्रंकेत पडून होता.

"आजी, तू चल!"

गेले. खोली आंतोननं मोबाईलवर ठरवलेली. तिथल्या मॅनेजरनं मोबाईल बघितला, मान डोलावली आणि म्हणाला, "खोली तुमचीच हाय. पुढच्या महिन्यात या!"

कुठल्या सालात कुणी कितव्या मिनिटाला गोल मारला, सगळं आंतोनला पाठ. खोलीचा महिना तेवढा चुकला! आणि गावात उंदराला शिरायला जागा न्हाई.

*

माझं घर उळवीच्या देवाच्या वाटेवर. जत्रंला माणसं दिसंल त्या ओसरीवर पथारी टाकतात. मला वाटलं, जगात सगळीकडं असंच असणार.

एक मोठं हॉटेल दिसलं. पुढं ही भलीमोठी गार फरशी! पोरं फोनवर खोली शोधण्यात गुंतलेली. मी पदर खोचला, चादर अंथरली आणि पोह्याची पुरचुंडी सोडून बसले.

विलास धावत आला. "आजी, ऊठ! ही ओसरी न्हाई, हॉटेलचं दार हाय!"

"मग दारापुढं एवढी जागा सोडलीया कशाला?"

वॉचमनला वाटलं म्हातारी आजारी. त्यानं चाकाची खुर्ची आणली, मला उचलून तीत ठेवलं आणि रस्त्यापर्यंत ढकलत नेलं. तोंडं रंगवलेली माणसं मला बघून टाळ्या वाजवायला लागली. कुठल्या टीमची वाटले कोण जाणे!

*

रस्त्यावर मी आंतोनला कोकणीतनं धुवायला सुरुवात केली. काळ्या बुरख्यातली एक बाई जाता जाता थांबली.

"खंयची गो तूं?"

"जोयड्याची."

"अगो! मी भटकळची! एकाच जिल्ह्यातल्या आपण!"

ती जुलेखा. नवरा तिथं नोकरीला, दोन लेकी. आम्हा तिघांनाही गाडीत घालून घरी घेऊन गेली. वाटेत माझा जीव खालीवर. आता विचारील, 'कुणातलं तुम्ही?' आमच्याकडं ओसरी द्यायच्या आधी तेच विचारतात. मीही विचारलंय.

घर आलं. जुलेखानं विचारलं ते एवढंच, "जेवलीस?"

*

आणि मी काय सांगितलं? "आज माझा सोमवार."

तिच्या घरचं कसं खायचं, म्हणून. मंगळवारी चतुर्थी सांगितली. बुधवारी एकादशी! पंचांगाचं माझ्यापुढं काही चालंना. गुरुवारी नवस काढला. पोरं मात्र ताटावर ताट माशाचं कालवण ओढत होती.

जुलेखा मला रोज केळी, खजूर, शेंगदाणे आणून द्यायची. "आजी, तुझे देव भारी कडक गो! आमचा रोजा निदान दिवस बुडाल्यावर तरी सुटतो!"

सगळे हसले. मीही हसले. मग केळं उचलताना ताटाकडं लक्ष गेलं. कडेला दुकानाचा कागद चिकटलेला. कोरं ताट! पहिल्या दिवसापासनं ती मला ह्याच ताटात द्यायची, तिच्या घरातलं कुणी न जेवलेल्या. म्हणजे माझा उपास कसला, हे तिला मी 'सोमवार' म्हटलं तेव्हाच कळलेलं.

शुक्रवारी मी आपणहून चुलीपाशी गेले. "जुलेखा, भूक लागलीया."

"उपास?"

"सुटला."

ती कोरं ताट घ्यायला वळली. म्हटलं, "ते राहू दे. तुझ्यातलं दे."

*

आता ही जुनी गोष्ट. ही मी कधी कुणाला सांगितली न्हाई.

एका जत्रंला भर उन्हाची एक बाई बैलगाडीतनं उतरून दारात आली. खांद्यावर तापानं फणफणलेली पोरगी. "घटकाभर ओसरीवर टेकू का?"

मी विचारलं, "कुणातलं तुम्ही?"

तिनं सांगितलं.

मी म्हटलं, "पुढं शाळा हाय. तिथं सावली असती."

पोरीला खांद्यावर सावरत ती गेली. पण दर जत्रंला तिची बैलगाडी माझ्या दारावरनं जाते. मी ओसरीवर असते. तिची मान कधी वळत न्हाई.

*

परदेशातनं आले आणि दोन-अडीच महिन्यांत जत्रा लागली. सकाळपासनं मी रस्त्यावर उभी. सून म्हणाली, "आत्ती, ऊन लागंल." लागू दे म्हटलं.

दुपारी तिची गाडी आली. केस पिकलेले. मागं ती पोरगी, आता बाई झालेली, मांडीवर तिचं लेकरू. मी पुढं होऊन बैलांची वेसणच धरली.

"उतर बाई. घरात चल. भात-कालवण तयार हाय. लेकराला निजवायला जागा केलीया."

ती खाली उतरली. घाम पुसला. माझ्या ओसरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि सावकाश विचारलं,

"आजी, तुम्ही कुणातल्या?"